आपापले पूर्वज पुसू नयेत

चर्चच्या छपरावर सोलर पॅनेलं बसवायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून मोकळा होतो. कल्पना फादरांची. माझं चुकलं ते इतकंच, की समितीच्या बैठकीत ते बोलत असताना मी मान हलवली. बैठकीत मान हलवणाऱ्याला सचिव करतात, हा बहुधा जगातल्या सगळ्याच समित्यांचा नियम असावा. बाकीचे सहाजण त्या वेळी जमिनीकडे बघत होते. ते अनुभवी होते.

गरज खरी होती, त्यात वाद नाही. आमचं चर्च तीनशे वर्षांचं. भिंती दोन हात जाड आणि खिडक्या वीतभर, त्यामुळे भर दुपारीसुद्धा दिवे लावल्याशिवाय आत स्वतःचे पाय दिसत नाहीत. विजेचं बिल झेपेनासं झालं तसे फादर एकेक दिवा कमी करत गेले. शेवटी शेवटी आम्ही गाणी अंदाजाने म्हणत होतो. पुढच्या बाकांवरची मंडळी तिसऱ्या कडव्यावर आणि मागची चौथ्यावर, असे बरेच रविवार गेले. मग एका म्हाताऱ्या बाईंचा पायरीचा अंदाज चुकला आणि मनगट मोडलं, तेव्हा फादरांनी ती बैठक बोलावली.

मी पाणी खात्यातून निवृत्त झालेला मीटर तपासनीस. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांच्या मागल्या बाजूला गुडघे टेकून मीटर वाचले. (माझा गुडघे टेकण्याशी संबंध तेवढाच, असं बायको म्हणते.) त्या नोकरीने मला एकच तत्त्वज्ञान दिलं: माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही. हे वाक्य मी घरी, दारी आणि समितीत इतक्या वेळा म्हटलंय, की कोपऱ्यावरचा बेकरीवाला मला दुरून बघूनच म्हणतो, "आले आकडेशास्त्री." गल्लीत माझं तेच नाव पडलंय. मी ते मानाचं समजून चालतो.

पॅनेलं बसवायची म्हटल्यावर सल्ला देणारे जमले. औषधवाल्याचं म्हणणं पडलं, की पॅनेलं तापली की छप्पर तापणार आणि आत देवाला उकडणार. न्हाव्याच्या साडूने घरावर पॅनेलं बसवली होती. वीज भरपूर येते, पण घरात सगळ्यांचे केस गळतात, असा त्याचा अनुभव होता. पॅनेलांचा आणि केसांचा संबंध काय, असं मी विचारलं तर तो माझ्या टकलाकडे बघून म्हणाला, "तुम्हाला कशाला काळजी?" बेकरीवाल्याने मात्र मुद्द्याचं विचारलं. म्हणाला, "रात्री काय करणार?" मी त्याला सविस्तर समजावलं, की दिवसा जास्तीची वीज कंपनीला द्यायची, रात्री परत घ्यायची, दिवसा मीटर उलटा फिरतो. तो पाव बांधता बांधता थांबला.

"उलटा फिरणारा मीटर," तो म्हणाला. "आणि म्हणे आकडा खोटं बोलत नाही."

मी सुटे पैसे मोजून दिले आणि पाव घेऊन निघालो.

परवानगी प्राचीन वास्तू कार्यालयाकडून घ्यायची होती. तिथले साहेब अतिशय मृदू बोलायचे. त्यांचा नकार इतका मऊ असायचा, की जिना उतरून रस्त्यावर आल्यावर कळायचं, आपल्याला नाही म्हणालेत. अर्जात एकेचाळीस रकाने होते. नवव्या रकान्यात 'मूळ रचनाकाराची लेखी संमती' मागितली होती. मी तिथे प्रामाणिकपणे 'मयत' असं लिहिलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं: मृत्यूचा दाखला जोडावा.

आता तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा दाखला आणायचा कुठून? मी हताश होऊन फादरांकडे गेलो. फादर शांतपणे मला आत घेऊन गेले आणि तिसऱ्या बाकाखालची चटई त्यांनी बाजूला केली. खाली फरशीत एक दगड होता. चर्च बांधणारा गवंडी तिथेच पुरलेला, नाव आणि तारखेसकट. म्हणजे इतकी वर्षं मी दर रविवारी त्या माणसाच्या छातीवर पाय ठेवून बसत होतो. मी दगडाचा फोटो काढला, मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि फोटो अर्जाला जोडला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "छान आहे," ते म्हणाले. "फक्त याच्यावर सही-शिक्का नाही." शेवटी फादरांनी फोटोच्या मागे चर्चचा शिक्का मारून दिला आणि गवंडी सरकारदरबारी एकदाचा वारला.

मग पाहणी झाली. नियम असा होता, की रस्त्याने जाणाऱ्या सरासरी उंचीच्या इसमास पॅनेलं दिसता कामा नयेत. आमची पॅनेलं अंगणाच्या बाजूच्या उतारावर बसणार होती, कठड्याच्या आड, त्यामुळे चिंता नव्हती. साहेब टेप घेऊन आले. पॅनेलं बसवून देणार होत्या त्या सोलरवाल्या बाईंनी नमुना म्हणून छपरावर एक पुठ्ठा उभा केला आणि सरासरी इसम म्हणून मी स्वतःहून पुढे झालो. माझ्याइतका सरासरी माणूस शोधून सापडणार नाही, असं मला अगदी नम्रपणे वाटत होतं. साहेबांनी टेप लावली आणि मृदू आवाजात म्हणाले, "तुम्ही चार बोटं कमी पडता."

माणूस जन्मभर स्वतःला निदान सरासरी समजून चालतो, आणि एक सरकारी टेप येऊन तेवढंही काढून घेते. बघ्यांपैकी कुणीतरी बेकरीवाल्याला बोलावलं. तो चार बोटं जास्त निघाला. साहेबांनी त्याला गुडघे वाकवायला सांगितले. मग तो लांबलचक माणूस त्या अवस्थेत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, मागून साहेब, त्यांच्यामागे फादर आणि शेवटी अपात्र ठरलेला मी. पुठ्ठा कुठूनही दिसला नाही. चोवीस पॅनेलांचा नकाशा मंजूर झाला. बेकरीवाल्याने पुढे महिनाभर गुडघेदुखीचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं.

परवानगी आली, पण पैसा कुठून आणायचा? जुन्या इमारतींसाठी सरकारी अनुदान होतं, पण ते इमारत होती तशीच ठेवण्यासाठी. सोलरसाठीही अनुदान होतं, पण ते नव्या इमारतींना. आमची इमारत जुनी आणि इच्छा नवी, त्यामुळे दोन्ही खिडक्यांवरून आम्हाला पलीकडच्या खिडकीकडे पाठवलं गेलं. तेव्हा समितीत मी एक सूचना मांडली. आता मात्र कबूल करतो, ही कल्पना माझी आणि माझीच. एक पॅनेल, एक नाव. ज्याला आपल्या गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची असेल त्याने एका पॅनेलचा खर्च द्यावा आणि त्या पॅनेलला त्या माणसाचं नाव. फादर खूश झाले. समितीने टाळ्या वाजवल्या. जमिनीकडे बघणारे सहाजणसुद्धा वर बघू लागले.

दहा दिवसांत तेवीस नावं आली. जागांसाठी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, म्हणजे तक्रारीला जागा नको. फक्त एक चिठ्ठी मी टाकली नाही. सात नंबरची जागा, उताराच्या मधोमध, जिथे उगवल्यापासून मावळेपर्यंत ऊन, ती मी आधीच बाजूला काढून माझ्या वडिलांच्या नावावर लिहिली होती. बाबा पोस्टमन होते आणि भागातल्या प्रत्येक घराच्या पायऱ्या त्यांना पाठ होत्या. एवढी धावपळ केलेल्या सचिवाने एवढं करावं, असं मी स्वतःला सांगितलं. बायकोला सांगितलं नाही.

चोवीस नंबर उरला होता. सोलरवाल्या बाईंनी छपरावर उभं राहून मला बजावलं होतं, "ही जागा सोडून द्या, काका. घंटेचा मनोरा अगदी लागून आहे. साडेअकराला सावली येते ती दिवसभर हलत नाही." मी मान हलवली. (मान हलवण्याचे परिणाम मला तोवर कळायला हवे होते.)

दुसऱ्याच दिवशी शिवणवाल्या मावशी आल्या. आमच्या भागातले निम्मे कपडे त्यांच्या हातचे, आणि उरलेले निम्मे त्यांनी उसवून सैल केलेले. त्यांचे यजमान चर्चची घंटा वाजवायचे. आम्ही सगळे त्यांना घंटाकाका म्हणायचो. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. मावशींनी बटणांच्या डब्यातून सुरळी केलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "उशीर तर नाही ना झाला?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की मावशी, झाला उशीर, चांगल्या जागा संपल्या. पण नोटांचा वाक गेला नव्हता आणि मावशी त्या तळहाताने सपाट करत होत्या. मी म्हणालो, "एकच राहिलं होतं, तुमच्यासाठीच." आणि चोवीसपुढे काकांचं नाव लिहिलं.

इथवर सगळं माझ्या मनात राहिलं असतं. पण प्रत्येक पॅनेलची वीज वेगळी मोजता येते, असं बाईंच्या तोंडून निघालं, आणि माझ्यातला मीटर तपासनीस जागा झाला. मी हट्टाने दरवाज्याजवळच्या ओसरीत टीव्हीसारखा एक पडदा बसवून घेतला. त्याच्यावर चोवीस नावं आणि प्रत्येकापुढे त्या दिवशीची वीज. देणगीदारांना आपण दिलेलं डोळ्यांनी दिसावं, एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

पहिल्या रविवारी लोक पडद्यापुढे हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या रविवारी ते आकडे वाचू लागले. तिसऱ्या रविवारी भांडणं सुरू झाली.

औषधवाल्याच्या मामावर कबुतरं बसतात, अशी त्याने लेखी तक्रार दिली. बेकरीवाल्याची बायको रोज सासूबाईंचा आकडा बघून घरी जाऊन सांगायची, "अजून माझ्या डोक्यावर आहेतच." वरच्या गल्लीतले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्यांनी एकाच आईसाठी दोन पॅनेलं दिली होती. थोरल्याच्या पॅनेलमधून रोज थोडी जास्त वीज यायची. धाकटा माझ्याकडे येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "जिवंत असतानाही तिचं असंच होतं." मी त्याला जोडणी, उताराचा कोन, असं बरंच समजावलं. तो म्हणाला, "कोनाचं मला सांगू नका. मी तिचा मुलगा आहे."

मग एका सकाळी न्हावी छपरावर सापडला. अंगणातली शिडी लावून, बादली आणि फडकं घेऊन तो आपल्या आजोबांचं पॅनेल पुसत होता. दुसऱ्या दिवशी आजोबा चार नंबर वर चढले. तिसऱ्या दिवशी शिडीखाली पाचजणांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात बादली. तीनशे वर्षांची कौलं त्या वजनाने कुरकुरायला लागली, तेव्हा मला ओसरीत पाटी लावावी लागली: 'आपापले पूर्वज पुसू नयेत. समिती सगळे पूर्वज एकदम पुसेल.' त्या पाटीचा मजकूर मी गंभीरपणे लिहिला होता. लोक तिचे फोटो का काढत होते, ते मला बायकोने घरी समजावून सांगितलं.

या सगळ्यात बाबा रोज पहिले. मी बोलून दाखवत नव्हतो, पण ओसरीतून जाताना माझी चाल बदलते, हे बायकोच्या लक्षात आलं होतं.

आणि घंटाकाका रोज शेवटी. दुसरा-तिसरा नव्हे, कायम चोविसावे. सकाळी त्यांचा आकडा झरझर चढायचा आणि साडेअकराला जो थांबायचा तो जवळपास तिथेच राहायचा. मावशी रोज दुपारी मशीन बंद करून यायच्या आणि पडद्यासमोरच्या बाकावर बसायच्या. हातात काही काम नसायचं. नुसत्या बघत बसायच्या. एकदा बेकरीवाला पाव पोचवायला आला असताना त्यांच्यादेखत म्हणाला, "काका आजही आरामात." मावशींनी मान खाली घातली. मी खांबाआड होतो. त्या बाईंनी सुरळ्या सपाट करून दिलेल्या होत्या, आणि मी त्यांच्या नवऱ्याला चारचौघांत नापास करून ठेवला होता.

मी सरळ मार्गाने प्रयत्न केला, हे नोंदवून ठेवतो. प्राचीन वास्तू कार्यालयात जाऊन साहेबांना विचारलं, की एक पॅनेल हलवता येईल का. "का नाही," साहेब मृदूपणे म्हणाले. जिना उतरल्यावर कळलं, की त्यासाठी नकाशा नव्याने मंजूर करावा लागेल, म्हणजे एकेचाळीस रकाने पुन्हा. सोलरवाल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हलवू, पण नेणार कुठे? बाकी सगळीकडे कुणी ना कुणी आहे." ते बरोबर होतं. छपरावर जागा फक्त दुसऱ्याला उठवूनच मिळणार होती.

घरी बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. सात नंबरचंही सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, "मग उठव ना ज्याला बसवलंयस त्याला."

"बाबांना?"

"पॅनेल जागचं हलायला नको. नावं तर तूच लिहितोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर आडवे झालेले असताना मी त्यांच्या ऑफिसातल्या संगणकापुढे बसलो. सातपुढे काकांचं नाव लिहिलं, चोवीसपुढे बाबांचं. पस्तीस वर्षांत मी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. लोकांनी पाण्याच्या बिलासाठी मला काय काय देऊ केलं होतं, ते सांगत बसलो तर वेगळी गोष्ट होईल. तो मी, चर्चमध्ये बसून, दोन मेलेल्या माणसांची अदलाबदल करत होतो. मन मात्र हलकं झालं.

परिणाम दुसऱ्या दिवसापासून. काका पहिले आले आणि बाबा तळाला गेले. लोकांनी काकांचं कौतुक दोन दिवस केलं. बाबांची चर्चा मात्र थांबेना. औषधवाल्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "वडिलांचं काय झालं?" जणू ते दवाखान्यात होते. सचिवाने स्वतःसाठी हलकं पॅनेल घेतलं, मग वरचे पैसे कुठे गेले असतील, यावर न्हाव्याने गिऱ्हाइकांचं मत घेतलं. ताईचा फोन आला. माझी मोठी बहीण, दोन शहरं पलीकडे राहते, तरी तिला कळलं.

"बाबा शेवटी आहेत म्हणे," ती म्हणाली. "तू असताना?"

"ताई, ती वीज आहे."

"ते मला नको सांगूस. बाबा कधी कशात शेवटी नव्हते."

मी सगळं गिळलं. ओसरीतून जाताना माझी चाल पुन्हा बदलली, या वेळी उलट दिशेने. बेकरीवाला तर सरळ म्हणाला, "आकडेशास्त्री, आकडा खोटं बोलत नाही ना?" मी म्हणालो, नाही. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी खोटं बोललो. पण मावशींसाठी सोसतोय, या विचाराने मला आतून जरा मोठं झाल्यासारखंही वाटत होतं. चार बोटं भरून निघाली म्हणा ना.

फक्त एक गोष्ट जुळेना. मावशी यायच्या बंद झाल्या. पहिला आठवडा मला वाटलं, काम जास्त असेल. दुसऱ्या आठवड्यात एकदा आल्या, पडद्यापुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बाकावर न बसताच गेल्या. तिसऱ्या आठवड्यात आल्याच नाहीत. बाक रिकामा दिसायचा, आणि पडद्यावर काका दुपारभर घाम गाळत असायचे.

शेवटी मी एक पँट घेऊन त्यांच्याकडे गेलो. लांबी कमी करायची आहे, असं सांगितलं. (साहेबांच्या टेपनंतर हे निमित्त मला सहज सुचलं.) एका खोलीत दुकान, मागे घर. मशीनवर कापड अडकलेलं होतं. मावशींनी मला उभं करून, पँट कमरेशी धरायला सांगून घोट्याशी टाचण्या लावल्या. त्या खाली वाकलेल्या होत्या, चेहरा दिसत नव्हता, म्हणून मला विचारायचं धैर्य झालं.

"मावशी, हल्ली चर्चला दिसत नाही. काका तर आता रोज पहिले येतात."

"ते हे नाहीत," मावशी म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक टाचणी लावली.

"चाळीस वर्षं संसार केला, भाऊ. पहाटेची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे, पाणी भरायचे. सगळं झपाट्याने. आणि साडेअकरा वाजले की मनोऱ्याच्या सावलीत जे टेकायचे ते संध्याकाळच्या घंटेपर्यंत कुणाच्या बापाने सांगितलं तरी उठायचे नाहीत. मी जेवण घेऊन जायचे, तिथेच जेवायचे. किती भांडले मी त्यावरून. चार घरची कामं केली असती तर पोटाला अजून मिळालं असतं. म्हणायचे, माझं काम झालं." त्या टाचण्यांचा डबा बंद करून उठल्या. "तुम्ही तो पडदा लावला, तेव्हा मी बघायला आले. आकडा भराभरा चढला आणि साडेअकराला थांबला. मी तिथे बसून हसले. ते गेल्यापासून पहिल्यांदा हसले. तो बेकरीवाला बोलला तेव्हा तर मान खाली घालून हसावं लागलं, लोक काय म्हणतील. मग रोज दुपारी यायचे. जेवायच्या वेळी त्यांच्याजवळ बसल्यासारखं वाटायचं."

खोलीत मशीनखेरीज काही नव्हतं, त्यामुळे मला बघायला जागा सापडेना.

"आणि मग एक दिवस बघते तर दुपारभर काम," मावशी म्हणाल्या. "दोन वाजता, तीन वाजता, आकडा चढतोच आहे. म्हटलं, हा कोण परका माणूस. कुणाच्या तरी नवऱ्याला मी का बघत बसू?"

मग मी सांगून टाकलं. सात नंबर, चोवीस नंबर, संगणक, सगळं. मावशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम त्यांना तिथे जागा दिलीत," त्या म्हणाल्या. "मनोऱ्याजवळ. मी रोज तुम्हाला मनातून दुवा द्यायचे, की यांच्या लक्षात होतं."

"नाही मावशी. ती उरलेली जागा होती. ऊन येत नाही हे माहीत असून मी दिली."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं, मला माहीत नाही. मावशींनी मशीनवरचं कापड सरळ केलं.

"त्यांना जन्मभर उरलेलंच मिळालं," त्या म्हणाल्या. "त्यातलं बरं काय ते त्यांना कळायचं. मलाच कळायचं नाही." मग पँट मागून घेतली आणि घडी घातली. "उद्या न्या. आणि माझा माणूस परत करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फादरांच्या ऑफिसात बसलो. या वेळी फादर जागे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते फक्त खुर्ची सरकवून देऊन बाहेर गेले.

चोवीसपुढे काकांचं नाव लिहिलं, ते पटकन झालं. सातपुढे बाबांचं लिहायला वेळ लागला. बाबांनी चौतीस वर्षं पत्रं वाटली, सगळी उन्हातून आणि सगळी पायी. निवृत्त झाले तेव्हा त्यांची इतकी रजा शिल्लक होती, की खात्यातल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी त्याचं कौतुक केलं होतं. त्यांना कुठे टेकून बसलेलं मला आठवेना. मी खूप आठवून पाहिलं. गेले तीन आठवडे मी तळातल्या आकड्याची लाज धरून होतो. त्या तीन आठवड्यांत रोज साडेअकरानंतर बाबा सावलीत होते, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

मी ते नाव लिहिलं, कारण दुसरी जागा नव्हती.

ओसरीत आलो तेव्हा मावशी बाकावर होत्या. साडेअकराला चोवीसचा आकडा थांबला आणि त्यांनी तोंडावर हात धरला. वर बाबांचा आकडा चढत होता. बेकरीवाला पावांची टोपली घेऊन आला, पडदा बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अभिनंदन. बाबा पुन्हा कामावर रुजू."

मी हो म्हणालो. उभ्या आयुष्यात त्यांना तेवढीच रजा मिळाली होती. ती मी नकळत मंजूर केली होती, आणि कळल्यावर मीच रद्द केली.